मुका मार

दुखण्याच्या बाबतीत मराठी भाषा फार श्रीमंत आहे. पाय मुरगळतो, मनगट लचकते, पाठीत उसण भरते, मान अवघडते, खांदा निखळतो, पोटरीत गोळा येतो, हाड मोडते आणि मोडता मोडता राहिले तर नुसते चिरते. प्रत्येक दुखण्याचे क्रियापद वेगळे. एकाचे दुसऱ्याला चालत नाही. पण या साऱ्या शब्दसंपत्तीत मला विशेष मोलाचा वाटतो तो ‘मुका मार’. रक्त नाही, जखम नाही, हाड मोडल्याचा आवाज नाही. पाहणाऱ्याला काही दिसत नाही आणि ज्याला लागले आहे त्याला रात्री कूस बदलता येत नाही. मार आहे, पण तो बोलत नाही. हा शब्द ज्या कुणा अनामिकाने प्रथम उच्चारला, त्याला एखाद्या विद्यापीठाने सन्मानाने डॉक्टरेट द्यायला हरकत नव्हती.

दिवाळी अंकासाठी हा विषय काढल्याबद्दल वाचक नाक मुरडतील. पण जरा आठवून पाहा. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे माळे साफ करण्याचे, डगमगत्या स्टुलावर उभे राहून कोळिष्टके काढण्याचे आणि पर्यायाने पडण्याचे दिवस. चकलीचा सोऱ्या माळ्यावरून खाली येतो, आणि कधी कधी त्याच्याबरोबर तो काढणारीही येते.

मी अंबाजोगाईत मराठी शिकवतो. शरीरशास्त्राशी माझा संबंध स्वतःच्या शरीरापुरता. परंतु आमच्यासारख्या गावात प्राध्यापक म्हणजे वाटेल तो कागद वाचून दाखवणारा गृहस्थ, अशी समजूत आहे. पूर्वी सात-बाराचे उतारे येत, विम्याची पत्रे येत. अलीकडे एमआरआयचे रिपोर्ट येऊ लागले. ‘सर, यात काय लिहिलंय तेवढं सांगा,’ म्हणून मोठे पाकीट पुढे करतात. मग मी गावातल्या ओळखीच्या डॉक्टरांना गाठतो आणि त्यांचा चहा थंड होईपर्यंत प्रश्न विचारतो. त्या शिदोरीवर हा लेख आहे.

आरंभ एक्स-रेपासून करायला हवा. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग येथे राँटगेन या शास्त्रज्ञाला हे किरण सापडले. त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे दिसली आणि बोटातली अंगठीही दिसली. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यालाच मिळाले. हाडात चुना असतो, तो किरणांना अडवतो, म्हणून हाड उठून दिसते. पण स्नायू, हाडाला हाड बांधून ठेवणारे दोर म्हणजे अस्थिबंध, सांध्यातली कूर्चा, गुडघ्याची गादी, यांतून किरण जवळजवळ न अडता निघून जातात.

तेव्हा डॉक्टर म्हणतात, ‘एक्स-रे चांगला आहे.’ त्याचा अर्थ एवढाच, की हाड मोडलेले दिसत नाही. आपण मात्र घरी येऊन सांगतो, ‘काही झालेलं नाही.’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, त्या अंतरात पुष्कळ माणसे वर्षानुवर्षे लंगडत असतात. मुका मार तिथेच राहतो.

त्याला बोलते करण्याचे काम एमआरआय करतो. सोळाव्या शतकात आमच्या गावच्या दासोपंतांनी एका लांबलचक पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले. देह पाच महाभूतांचा कसा बनला त्याची ती फोड. एमआरआय त्या पाचांतल्या ‘आप’ तत्त्वाच्या मागे लागतो. शरीरात निम्म्याहून अधिक पाणी, पाण्यात हायड्रोजन, आणि हायड्रोजनचा प्रत्येक अणुगर्भ म्हणजे एक इवलासा फिरता भोवरा. रुग्णाला एका मोठ्या चुंबकाच्या पोकळीत सरकवतात. नेहमीच्या यंत्रातले चुंबक दीड टेस्ला शक्तीचे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट. त्या ओढीने भोवऱ्यांना एक दिशा लागते. मग रेडिओलहरींचा एक धक्का देऊन त्यांना कलते करतात. धक्का थांबला की ते पुन्हा पूर्वपदावर येतात, आणि येता येता क्षीण असा रेडिओसंदेश सोडतात. चरबीतले भोवरे एका वेगाने सावरतात, मोकळ्या पाण्यातले दुसऱ्या वेगाने. या वेगांच्या फरकातून संगणक चित्र उभे करतो. निरोगी अस्थिबंध त्यात काळ्याभोर दोरीसारखा दिसतो. दोरी तुटून तिथे पाणी साचले की काळ्यात पांढरे शिरते. हाड न मोडता आतून ठेचाळले असेल तर तेही उजळते. यात क्ष-किरण मुळीच नसतात.

चुंबकाने चित्र काढण्याची ही युक्ती पॉल लॉटरबर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध केली. इंग्लंडच्या पीटर मॅन्सफील्डने तिला गणिताची आणि वेगाची जोड दिली. दोघांना २००३ चे वैद्यकातले नोबेल मिळाले. तिसरे दावेदार रेमंड डमाडियन. त्यांनी ३ जुलै १९७७ रोजी जिवंत माणसाच्या छातीचे चित्र आपल्या यंत्रावर घेतले होते. त्या एका चित्राला जवळजवळ पाच तास लागले. नोबेलच्या यादीत नाव नाही म्हटल्यावर त्यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. मानपानाचे रुसवे लग्नमंडपातच असतात असे नाही! आज गुडघ्याचा एमआरआय साधारण अर्ध्या तासात होतो.

आता आमच्या जिल्ह्यातला सर्वांत प्रसिद्ध गुडघा घेऊ. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आष्टी तालुक्यात, मांडवा नावाचे गाव आहे. तिथला अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी किंवा धावत जात असे. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनची थंडी आणि राजस्थानचे ऊन दोन्ही त्याने पाहिले. पुढे तो ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये उतरला. या शर्यतीत २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडायचा असतो, आणि अडथळा असा भक्कम की पाय लागला तर पडतो तो धावणारा, अडथळा नव्हे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या पाच-शतांशाने. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याला सुवर्ण मिळाले, आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत तो धावला.

आणि ११ जुलै २०२५ रोजी मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या खड्ड्यापाशी तो पडला. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध आणि गादी, दोहोंना इजा झाली होती. मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

हा एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना ओलांडून जाणारे जे दोन बंध असतात, त्यांतला पुढचा. लांबी बोटाच्या दोन पेरांपेक्षा फारशी जास्त नाही. मांडीखालचे हाड पुढे सरकू नये, म्हणून तो राखण करतो. पूर्ण तुटला तर बहुधा आपण होऊन धडपणे सांधत नाही. खेळाडूच्या बाबतीत दुसरीकडचा स्नायुरज्जू घेऊन नवा बंध बसवतात, आणि मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्षभर लागते. कबड्डीत एकाने घोटा धरला आणि दुसऱ्याने कमरेला मिठी मारली की हाच बंध तुटतो. एक्स-रेत यातले काही दिसत नाही.

पण मुका मार काही खेळाडूंनाच बसतो असे नाही. आमच्या आत्याचे उदाहरण घ्या. वय अठ्ठ्याहत्तर. न्हाणीघरात घसरून ती कुल्ल्यावर बसली. एक्स-रे काढला, हाड शाबूत. पण तिला उभे केले की पाऊल टेकवत नव्हते. घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत, ‘मुका मार आहे, शेकलं की जाईल.’ एका तरुण डॉक्टरांनी मात्र मान हलवली. ‘आजी दुखणं सांगताहेत आणि फोटो नाही म्हणतोय. अशा वेळी मी आजींचं ऐकतो,’ ते म्हणाले. एमआरआय झाला आणि मांडीच्या हाडाच्या मानेत केसासारखी चीर निघाली. तशीच चालवली असती तर हाड सरकले असते. वेळीच स्क्रू बसवले. आता आत्या काठी टेकत देवळापर्यंत जाते.

त्या तपासणीची खरी लढाई निराळीच झाली. आत जाण्यापूर्वी अंगावरचा सगळा धातू काढावा लागतो. पाटल्या निघाल्या, कानातले निघाले, आकडे आणि सेफ्टीपिना निघाल्या. पण जोडव्यांपाशी आत्या अडून बसली. ‘अरे, लग्नापासून काढली नाहीत ती. हे जिवंत आहेत ना अजून!’ शेवटी मामांना आत बोलवावे लागले. त्यांनी गंभीरपणे सांगितले, ‘अगं, अर्ध्या तासाची रजा दिली तुला.’ मग साबणाच्या पाण्याने जोडवी उतरली.

यात हसण्यासारखे आहे, तसे भिण्यासारखेही आहे. हे चुंबक द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर ठेवलेले असते आणि तपासणी चालू नसतानाही ते जागेच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन आत गेलेला रुग्णाचा तरुण नातेवाईक सिलिंडरासकट यंत्राकडे खेचला गेला आणि प्राणाला मुकला. म्हणून दारावरचा माणूस चार वेळा विचारतो तेव्हा चिडू नये. हृदयात पेसमेकर असेल, कानात बसवलेले यंत्र असेल, मेंदूच्या शस्त्रक्रियेतली चिमटी असेल, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर ते आधी सांगावे. हाडात बसवलेली पट्टी किंवा सळई बहुधा आड येत नाही, पण तीही सांगावी. आतल्या धडधड आवाजाने मात्र दचकू नये. तो यंत्रातल्या वेटोळ्यांच्या कंपनाचा.

आणखी एक मुका मार आमच्याकडे पहाटे रस्त्यावर भेटतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली डांबरी रस्त्यावर मैलोगणती धावतात. पंधरा दिवसांत नडगी दुखू लागते. ‘सराव नाही, होईल ठीक,’ म्हणून आणखी धावतात. हाड एकदम मोडत नाही. रोजच्या आघातांनी तडकत जाते. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेला हे बहुधा कळत नाही. एमआरआयला लवकर कळते. मनगटाचेही तसेच. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी खळग्यात दुखत राहिले, तर एक्स-रे चांगला आला तरी तिथले छोटे हाड तडकलेले असू शकते.

एवढे वाचून वाचक म्हणतील, मग उद्याच सगळ्या कुटुंबाचे गुडघे तपासून घेऊ. थांबा. गोष्टीला दुसरी बाजू आहे.

आमच्या महाविद्यालयातले इतिहासाचे एक प्राध्यापक, वय पंचावन्न, जिना चढताना गुडघा कुरकुरतो म्हणून कुणालाही न विचारता एमआरआय करून आले. रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा पानिपताची बातमी आणल्यासारखा होता. ‘सर, गादी फाटली आहे. आता ऑपरेशन!’ आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी गुडघा हातात घेतला. वाकवला, वळवला, खालचे हाड पुढे ओढून पाहिले. मग म्हणाले, ‘प्राध्यापक, ही गादी फाटलेली नाही, वापरलेली आहे. तुमच्या कोटाच्या कोपराला ठिगळ आहे, तसंच.’

त्यांनी सांगितलेली दोन संशोधने मी मुद्दाम लिहून घेतली. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम येथे पन्नास ते नव्वद वयाच्या ९९१ सामान्य माणसांचे गुडघे एमआरआयने तपासले. निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांची गादी फाटलेली दिसली, त्यांतल्या शंभरांपैकी ६१ जणांना मागच्या महिन्याभरात गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता! दुसरे फिनलंडचे, २०१३ सालचे. अशीच झिजून फाटलेली गादी असलेले १४६ रुग्ण घेतले. काहींची गादी दुर्बिणीतून खरोखर कापली, काहींवर शस्त्रक्रियेचे नुसते नाटक केले. वर्षभराने दोन्ही गटांचा आराम सारखाच निघाला.

याचा अर्थ शस्त्रक्रिया खोटी असा नव्हे. तरुण माणसाची ताजी फाटलेली गादी, किंवा गुडघा मध्येच अडकून सरळच न होणे, ही प्रकरणे वेगळी. अर्थ इतकाच, की चित्रात दिसले तेच दुखते आहे असे धरून चालता येत नाही. विद्यार्थ्यांना मी सांगत असतो, शब्दकोशात शब्द मिळतो, अर्थ वाक्यात मिळतो. रिपोर्टातल्या ओळींचेही तसेच आहे. त्यांचे वाक्य म्हणजे तो माणूस: त्याचे वय, तो कसा पडला, सूज कधी आली, डॉक्टरांच्या हाताला काय लागले. आमचे इतिहासकार मांडीच्या व्यायामाने तीन महिन्यांत सुधारले. रिपोर्ट त्यांनी कपाटात, जुन्या बखरींच्या शेजारी ठेवला आहे.

शेवटचा रिपोर्ट माझ्या एका विद्यार्थ्याने आणला. डोंगरपट्ट्यातला मुलगा, आईवडील ऊसतोडीला जातात. आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडावर जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतलेली असते, ती ‘उचल’. ती फिटेपर्यंत तोडायचे. एक दिवस काम चुकले की ‘खाडा’, त्याचे पैसे कापले जातात. ऊस तोडून झाला की तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचे.

या मुलाची आई गेल्या हंगामात त्या फळीवरून घसरली. गुडघ्यात ‘कट्’ झाले आणि दोन तासांत गुडघा भोपळ्याएवढा झाला. एक्स-रे चांगला. ‘हाड शाबूत आहे,’ म्हणून चौथ्या दिवशी ती पुन्हा फडात. सूज ओसरली, पण वळताना गुडघा मध्येच सुटायचा आणि ती खाली बसायची. मुकादम म्हणे, नाटकं करते. हंगाम संपून गावी आल्यावर डॉक्टरांनी गुडघा नुसता हाताने पाहून ओळखले. मुलाने शिष्यवृत्तीच्या पैशांतून एमआरआय केला. एसीएल पूर्ण तुटलेला, आणि मोडक्या सांध्यावर महिनोन्‌महिने ओझे वाहिल्याने गादीही गेलेली.

रिपोर्टाचा मराठीत अर्थ मी त्याला कागदावर लिहून दिला. तो घेऊन मुलगा मुकादमाकडे गेला. त्याने फिल्म उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, ‘खरं आहे बाबा. पण फोटो बघून उचल फिटत नाही.’ या दिवाळीनंतर आईच्या जागी फडावर जायचे की परीक्षेला बसायचे, हा प्रश्न त्या मुलापुढे आहे. माझ्याजवळ त्याचे उत्तर नाही. आम्ही काही जण उचलीच्या रकमेची खटपट करतो आहोत. बाकीचे मुकादमाशी बोलून ठरेल.

त्या बाईंच्या दुखण्याची लक्षणे यंत्राशिवायही ओळखता आली असती, म्हणून ती घरोघर माहीत असावीत. पडल्यावर चार पावले टाकता येत नसतील, पडल्यापासून काही तासांत सांधा टम्म सुजला असेल, सांधा अडकत असेल किंवा चालता चालता दगा देत असेल, म्हाताऱ्या माणसाला पडल्यानंतर पाय टेकवत नसेल, तर एक्स-रे चांगला आला तरी हाडांच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवावे. पहिले दोन दिवस चोळू नये, मालिश करू नये. विश्रांती द्यावी, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा, सैलसर पट्टी बांधून पाय उंच ठेवावा. हाडवैद्याने घट्ट कामट्या बांधल्या आणि बोटे काळीनिळी पडू लागली, तर त्या तत्काळ सोडाव्या. एमआरआय करायचा की नाही, हे हात लावून पाहणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्यावे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडचे ट्रक फडांच्या वाटेला लागलेले असतील. तुमच्या करंजीतल्या पिठीसाखरेशी त्या फळीचा संबंध आहे. पण सणाच्या दिवशी मी तुम्हाला खंत करायला सांगत नाही. तुमच्या घरी धुणेभांडी करणाऱ्या मावशी, दूध घालणारे दादा, इमारतीचा जिना झाडणाऱ्या बाई, यांपैकी कुणी लंगडताना दिसले आणि ‘काही नाही, मुका मार आहे’ म्हणाले, तर फराळाचे ताट पुढे करण्याआधी त्यांना खुर्ची द्या आणि विचारा: सूज कधी आली होती? गुडघा मध्येच सुटतो का? चार पावले नीट टाकता येतात का?

आणि माळ्यावर चढताना खाली स्टूल धरायला कुणाला तरी उभे करा. दिवाळी सुखाची जावो.